समोर नसलेला माणूस

निफाड तालुक्यात वकिली करायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेइतकंच द्राक्षाचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. ऑक्टोबर छाटणी लागली की माझ्या पक्षकारांचं कोर्टात येणं कमी होतं. फुटवे निघत असताना पाऊस झाला तर डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि वर्षाचं पीक हातातून जाऊ शकतं. या भागात एक छाटणी पाहिलेल्या न्यायाधीशांनाही ते कळतं. मुदतीच्या अर्जात ‘वादी शेतीच्या कामात असल्याने’ असं लिहिलं तर समोरचे वकीलसुद्धा फार ताणून धरत नाहीत, कारण त्यांचा पक्षकारही त्याच वेळी फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत असतो.

जानेवारीपासून तोडणी सुरू होते, पैसा फिरायला लागतो आणि ऑफिसात इसार पावत्या, खरेदीखतं, सर्च रिपोर्टची कामं येतात. मार्च-एप्रिलमध्ये न वटलेले चेक येतात. मे महिन्यात दिवाणी कोर्टाला उन्हाळी सुट्टी, पण नेमकी तेव्हाच वावरं मोकळी होतात, नांगरटीला ट्रॅक्टर लागतो आणि बांध सरकलाय हे सगळ्यांना एकदम दिसतं. कोर्ट बंद असलं तरी तहसील कचेरी चालू असते, भूमी अभिलेखवाल्यांच्या मोजण्या चालू असतात. मग जून उजाडला की रस्ता अडवल्याचे अर्ज. आमच्या भांडणांनाही असा खरीप आणि रब्बी हंगाम आहे.

फीसुद्धा त्याच गणितात बसते. ‘मॅडम, चाळीतला कांदा निघाला की मिटवतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की लासलगावचा भाव बघितल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही. भाव पडला तर मी तगादा लावत नाही. तो लावूनही काही उपयोग नसतो. कधी पैशांऐवजी द्राक्षाचं कॅरेट येतं. ते मी घेते, पण फीच्या वहीत त्याची नोंद करत नाही. ते त्यांनी प्रेमाने आणलेलं असतं आणि फी वेगळी राहते, हे दोन्हीकडून समजून घेतलेलं बरं.

एक गोष्ट मात्र घेत नाही. वाटपाच्या दाव्यासाठी आलेला माणूस हमखास म्हणतो, ‘आत्ता खर्चायला काही नाही, पण जमीन हाती आली की त्यातला काही हिस्सा तुमचा.’ निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वादातल्या मालमत्तेत वाटा मागायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला बंदी केलेली आहे. नियम नसता तरी मी घेतला नसता. माझा हिस्सा त्या जमिनीत आला की मग तडजोड सुचवायला माझी जीभ वळेल का? दोन एकर मिळतंय तर घ्या आणि घरी जा, हे सांगणारा वकील त्या दोन एकरांत स्वतः भागीदार असून चालत नाही.

मी ज्यांच्याकडे शिकले ते माझे सीनियर जुन्या वळणाचे होते. धोतर-कोट नव्हे, साधी पांढरी पँट आणि शिवणीत विटलेला काळा कोट. त्यांच्याकडे पक्षकार पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडायचा. सातबारा, आठ अ, फेरफाराचे उतारे, कुठलीतरी पावती. साहेब ते सगळं शांतपणे बघायचे आणि मग विचारायचे, ‘आता जो कागद आणला नाही तो सांगा.’ पक्षकार गडबडायचा. हळूच कळायचं की एक जुनं वाटणीपत्र आहे, ते भावाकडे आहे. किंवा बहिणीने हरकत घेतलेली आहे आणि तिचा अर्ज मंडळ अधिकाऱ्याकडे पडून आहे. साहेबांची खरी केस तिथून सुरू व्हायची.

मला त्यात डाव दिसायचा, उलटतपासणीत फजिती होऊ नये म्हणून घेतलेली काळजी. स्वतःचं ऑफिस टाकल्यावर त्याचा दुसरा अर्थ लागला. वकिलाच्या समोर खुर्चीत बसलेला माणूस नेहमी अर्धीच गोष्ट सांगतो, आणि ते खोटेपणाने असतं असंही नाही. उरलेली अर्धी गोष्ट ज्याची असते तो त्या वेळी तिथे नसतो. तो बांधापलीकडे असतो, सासरी असतो, मुंबईला नोकरीत असतो, कधीकधी अजून जन्मलेलाही नसतो. शहरात मोठ्या फर्ममध्ये हा माणूस कोणाच्याच वाट्याला येत नसेल. इथे येतो, कारण उद्या पिंपळगावच्या बाजारात तो मला भेटणार असतो.

जुने दस्त वाचताना हे फार जाणवतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या खरेदीखतातली चतुःसीमा बघा. पूर्वेस पाटलांचे वावर, पश्चिमेस ओहोळ, दक्षिणेस मोठी चिंच, उत्तरेस अमक्याचा मळा. लिहिणारा, लिहून देणारा, घेणारा, तिघांनाही ती चिंच रोज दिसत होती. मग विखुरलेल्या जमिनी एकत्र करणारी एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबरांचे गट झाले, क्षेत्रं जुळवताना गुंठे इकडचे तिकडे झाले. ओहोळ जेसीबीने सपाट केला. चिंच कधीच तोडली. आता नातू माझ्यासमोर बसलाय आणि दस्तात चिंच आहे म्हणतो. त्या वेळी दस्त लिहिणाऱ्याने या नातवाचा एक मिनिट जरी विचार केला असता, विहिरीपासून इतके फूट, रस्त्यापासून इतके फूट असं लिहिलं असतं, एक कच्चा नकाशा जोडला असता, तर दोन पिढ्यांचा कोर्टखर्च वाचला असता. म्हणून मी वाटणीपत्र लिहिताना लोकांना जरा छळते. ‘मॅडम, आम्हाला ठाऊके सगळं,’ ते म्हणतात. तुम्हाला ठाऊक आहे ते बरोबर, तुमच्या पोरांना नाही, असं म्हणून मी पुन्हा टेप लावायला पाठवते.

चेकच्या प्रकरणांत मात्र हजर नसलेल्या माणसाविषयी मला काडीचीही कणव नाही. बाहेरून आलेला व्यापारी, भाड्याची खोली, गोड बोलणं, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख आणि वेळेवर. मग पुढचा सगळा माल उधारीवर आणि शेवटी एक चेक. चेक परत आल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस पैसे देण्यासाठी आणि ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. न वटलेल्या चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ चा हिशोब असा दिवसांचा आहे. आणि आमचा शेतकरी दोन महिने त्याच्या ‘बस, आठ दिवसांत टाकतो’वर थांबून मग माझ्याकडे येतो. चेकची मुदत शिल्लक असेल तर पुन्हा बँकेत लावून बघता येतो, हे सांगितलं की चेहऱ्यावर थोडा जीव येतो. पण चेकवर नाव एकाचं, खातं दुसऱ्याचं, पत्ता तिसऱ्या राज्यातला आणि समन्स ‘या पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत. हंगाम सुरू होण्याआधी आधार कार्डाची प्रत घ्या, प्रत्येक गाडीची काट्याची पावती सहीनिशी घ्या, एवढं मी सोसायटीच्या ओट्यावर जाऊन सांगते. ऐकतात. मग भावात किलोमागे दोन रुपये जास्त देणारा भेटला की विसरतात. दोन रुपये दिसतात, काय करणार.

ज्या कामाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला ते कोर्टातलं नाहीच. ते आहे हक्कसोड, म्हणजे वारसाने आपला हिस्सा दस्त करून सोडून देणं.

वडील वारले की वारसनोंद होते. सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं लागतात. इथपर्यंत कुरकुर नसते. मग पीककर्ज नवंजुनं करायची वेळ येते आणि बँक किंवा सोसायटी म्हणते, सगळ्या खातेदारांच्या सह्या आणा. एक बहीण सिन्नरला, एक संगमनेरला, एक पुण्याला. दरवर्षी कोण आणणार सह्या? मग ठरतं की बहिणींनी हक्कसोड करून द्यावं. बहिणी भाऊबीजेला आलेल्याच असतात. माझ्या ऑफिसात दिवाळीनंतरचा आठवडा साड्यांच्या रंगांनी भरलेला असतो तो त्यामुळे.

बहुतेकदा मसुदा भावाने आधीच कुठूनतरी तयार करून आणलेला असतो. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ हे शब्द त्यात असतातच. बहिणीने तो वाचलेला नसतो.

तपशील बदलून एक प्रसंग सांगते. दोघे भाऊ, दोघी बहिणी. थोरला बोलका, फोन सारखा वाजतोय. मी त्या दोघांना म्हटलं, ‘तुम्ही खाली चहा घेऊन या, मला ताईंशी बोलायचंय.’ थोरला हसत म्हणाला, ‘मॅडम, आमच्यात लपवाछपवी नाही. आमच्यासमोरच बोला की.’ नसेल लपवाछपवी, पण चहा घेऊन या. तो उठला, दारात थांबला आणि सरळ विचारलं, ‘तुम्ही वकील आमच्या का तिच्या?’

प्रश्न चुकीचा नव्हता. फी तो देणार होता. मी म्हटलं, ‘दस्त लिहून देणार त्या आहेत. उद्या सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा आणि फोटो त्यांचा. काय सोडतोय हे त्यांना कळलंय याची खात्री झाल्याशिवाय मी लिहीत नाही. तुमच्याच फायद्याचं आहे, पुढे कोणी फसवणुकीचा दावा टाकणार नाही.’ शेवटचं वाक्य खरं आहे, पण ते मी पुढे करते कारण ते भावांना पटतं. आधीचं वाक्य पटत नाही.

मग बहिणींना सांगितलं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिक, म्हणजे मुलांसारखं जन्माने हिस्सेदार, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली केंद्राने कायदा बदलला, ९ सप्टेंबरपासून, त्यात लग्नाची अट राहिली नाही. वडील तेव्हा हयात होते की नव्हते यावरून पंधरा वर्षं वेगवेगळे निकाल आले आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे तुम्ही ‘भावाच्या जमिनीतला’ हिस्सा सोडत नाही आहात, तुमचा स्वतःचा सोडता आहात. सोडायला कायद्याची ना नाही. एकदा नोंदला की परत फिरवणं फार कठीण. कर्जाचाच प्रश्न असेल तर नाव ठेवूनही बँकेसाठी भावाला मुखत्यारपत्र देता येतं का ते विचारू. तहसीलदारांकडे संमतीने वाटप करता येतं. मार्ग एकच नाही.

थोरलीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘मॅडम, मला कळतंय. पण उद्या आमच्या ह्यांचं काही झालं, पोरीच्या लग्नात काही अडलं, तर मी कुणाच्या दारात जाऊ?’

शहरातल्या चर्चासत्रांत याला भावनिक दडपण म्हणतात. मी त्या चर्चासत्रांना जाते, भाषणंही ऐकते, पण मला हे अर्धंच वाटतं. ती बाई भाबडी नव्हती. ती हिशोब करत होती आणि तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता. चार भावंडं आणि आई यांत वाटून येणारा, छोटा तुकडा विकू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात अडकणारा, पाण्याशिवायचा एक तुकडा एका पारड्यात. आणि नवरा दारू पिऊन उठला तर रात्री दहाला जाऊन दार ठोठावता येईल असं घर दुसऱ्या पारड्यात. कायद्याने तिला जमीन दिली, पण दार ठोठावण्याचा हक्क कोणत्याच कलमात नाही. तो भावाच्या मर्जीवर. म्हणून ती जमीन देऊन मर्जी विकत घेत होती. हा सौदा अन्यायाचा आहे हे मला मान्य, पण तिला तो समजत नव्हता असं म्हणणं हा आणखी एक अन्याय.

धाकटी तोवर गप्प होती. तिने मला विचारलं, ‘ताई, तुम्ही सोडलं का तुमच्या भावाला?’

मी खरं ते सांगितलं. सोडलं नाही. मागितलंही नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे, भाऊ कसतो, दिवाळीला साडी घेतो, विषय कोणी काढत नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे तुम्हाला सोडायची गरज पडली नाही.’ बरोबर बोलली. वकिलीची सनद असलेल्या बहिणीकडे हक्कसोडाचा मसुदा घेऊन यायची कोणाची हिंमत होत नाही, आणि मलाही हिस्सा मागण्याची निकड नाही, कारण माझी मिळकत आहे. माझं तत्त्व त्या मिळकतीवर उभं आहे. तिच्याजवळ ती नव्हती.

मग तिनेच वाट काढली. ‘वावर घ्या म्हणावं. पण गावातल्या घरावर माझं नाव राहू द्या. ते सोडणार नाही.’ थोरलीनेही मान डोलावली. मला हे सुचलं नव्हतं. शेताचा गट वेगळा, गावठाणातलं घर वेगळं, त्याचा उतारा ग्रामपंचायतीचा. हक्कसोड फक्त शेतापुरतं करता येतं. म्हणजे दाराचा प्रश्न मर्जीवर न ठेवता कागदावर येतो. कोणतंही कायद्याचं पुस्तक न वाचता तिने नेमकी दोन गोष्टींची फोड केली होती.

चहा पिऊन आलेल्या थोरल्याला हे आवडलं नाही. ‘घरात काय ठेवलंय? पडकं घर ते.’ पडकं आहे तर राहू द्या की नाव, मी म्हटलं. त्या दिवशी दस्त झाला नाही. मी बायांना फूस लावते असं गावात बोललं गेलं, ते माझ्यापर्यंत दोन दिवसांत पोचलं. नंतर, कर्जाची तारीख जवळ आली तेव्हा, ते पुन्हा आले आणि घर वगळून दस्त नोंदला गेला. सगळीच माणसं परत येतात असं नाही. बरेच जण शेजारच्या ऑफिसात जातात आणि तासाभरात मसुदा घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या बहिणी माझ्या ऑफिसाच्या जिन्यावरून जाताना दिसतात तेव्हा मी फाइलीत बघते.

यात महसुली कामाचा एक बारीक खिळा आहे, तो सांगून टाकते. फेरफाराची नोंद धरली की हितसंबंध असलेल्यांना नोटीस निघते. बहिणीची नोटीस निघते कुठल्या पत्त्यावर? पुष्कळदा गावच्या, म्हणजे माहेरच्या. घेतो भाऊ. सही होते ‘करिता’ म्हणून. तिला हरकतीची मुदत होती हे तिला ती संपल्यावरही कळत नाही. म्हणून वारसनोंदीच्या अर्जात मी बहिणींचे सासरचे पत्ते आणि मोबाइल नंबर लिहून घेते. दोन ओळींचं काम आहे. त्यावरून माझ्याशी अबोला धरलेले भाऊ आहेत.

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं जन्मगाव. १८४२ चा जन्म. आमच्याकडे त्यांचं नाव भाषणाच्या सुरुवातीला घेतात आणि पुढे जातात. मला ते आठवतात वेगळ्या कारणासाठी. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकरी सावकारांवर उठले तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे काढून जाळले गेले. न वाचता अंगठे दिलेले ते रोखे. त्यानंतर १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. त्यात समेट घडवणारे मध्यस्थ नेमायची तरतूद होती आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशीही. या कायद्याची अंमलबजावणी बघण्याचं काम रानड्यांनी पुढे काही वर्षं केलं. कोण कुठला दस्त करतोय आणि त्याला तो कळलाय का, हे तपासणं सरकारला तेव्हा गरजेचं वाटलं होतं. आता बायोमेट्रिक अंगठा आहे, वेबकॅमवर फोटो आहे, पण ‘बाई, हे वाचलंत का’ एवढा प्रश्न विचारायला तिथे कोणाला फुरसत नसते. रांग मोठी असते, सर्व्हर डाउन असतो.

न वाचता दिलेला अंगठा दुसऱ्या एका कामातही भेटतो. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं इकडे कामाला येतात. आणि त्यांच्या जमिनींवर डोळा असलेली माणसं, गाडीतून, माझ्याकडे येतात. दिंडोरीच्या पश्चिमेला किंवा त्र्यंबककडे डोंगराच्या कुशीत चार एकर, रिसॉर्टला झकास. ‘खरेदी होत नाही ते माहितीये मॅडम, आपण नव्व्याण्णव वर्षांचा करार करू. नोटरी बास झाली.’ बास होत नाही. महसूल संहितेचं कलम ३६ अ विक्रीपुरतं थांबत नाही. बक्षीस, गहाण, भाडेपट्टा सगळं त्यात येतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाड्याने किंवा गहाण द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि त्यापुढच्या व्यवहाराला शासनाची मान्यता. जुन्या हस्तांतरणातल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नाही. हे सगळं सांगितल्यावर गाडीवाले म्हणतात, ‘पण त्याला पैशाची गरज आहे, तो स्वतःहून देतोय.’ मग त्याला घेऊन या, मी त्याच्याशी बोलते. या वाक्यानंतर सहसा भेट संपते. हे काम नाकारल्याने माझं फार नुकसान होतं असंही नाही, म्हणून त्यात मोठेपणा घेण्यासारखं काही नाही. करून देणारे भरपूर आहेत, करार होतातच.

रस्त्याच्या केसेसबद्दल लिहायला बसले तर लेख संपायचा नाही. एवढंच सांगते की १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा अजून जिवंत आहे, अडवलेली वाट सहा महिन्यांच्या आत घेऊन गेलं तर तहसीलदार जागेवर येऊन बघतात, आणि सगळ्या भांडणांचं मूळ हे की वाट बैलगाडीची होती आणि आता निर्यातीचा माल न्यायला मोठी गाडी लागते. दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

गावातला वकील म्हटला की सगळ्यांना त्याचं सगळं विचारायचं असतं. चहावाला विचारतो, ‘पाटलांची तारीख काय लागली?’ पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं कलम १२६ आता नव्या साक्ष अधिनियमात १३२ झालंय, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर सांगायचं नाही ही गोष्ट तीच. पण तारीख? ती तर त्याने स्वतःच्या मोबाइलवर ई-कोर्टच्या अॅपमध्ये आधीच बघितलेली असते. मला विचारतो ते माझा चेहरा वाचायला. मी साखर कमी टाक म्हणते.

सध्या एक विहिरीचा वाद हातात आहे. मी एका बाजूने आहे, दुसऱ्या बाजूने माझ्याच बारमधले एक ज्येष्ठ वकील. आजोबांच्या वेळच्या वाटणीपत्रात पाण्याविषयी दोनच शब्द आहेत, ‘विहीर सामाईक’. तेव्हा मोट होती. आता तीन मोटारी आहेत, तळाला आडवे बोअर मारलेत, दोघांच्या बागा ठिबकवर. चुलतभावांनी एकमेकांचे स्टार्टर फोडलेत, पोलीस स्टेशनला अदखलपात्र नोंदी आहेत. मनाईचा अर्ज मंजूर झाला असता तर एकाची बाग जळाली असती. निकाल लागेपर्यंत दोन्ही. म्हणून आम्ही दोघा वकिलांनी ठरवलं की हे लोकअदालतीत न्यायचं. तिथे झालेली तडजोड हुकूमनाम्यासारखी असते, तिच्यावर अपील होत नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. फी परत मिळते म्हटल्यावर माझा पक्षकार पहिल्यांदा सरळ बसला.

या वेळी दस्तात ‘सामाईक’ एवढं लिहून भागणार नाही, हे सगळ्यांना पटलंय. तासांची पाळी लावली. मग निघालं की शेतीची लाइट काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री, तर दिवसाची पाळी कायम कोणाची? दर आठवड्याला अदलाबदल, असं लिहिलं. पाळी चालू असताना लाइट गेली तर बुडालेले तास कोणाचे? यावर संध्याकाळ गेली. समोरच्या वकीलसाहेबांनी सुचवलं की अर्ध्या तासापर्यंतचं नुकसान ज्याचं त्याने सोसायचं, त्यापुढचं पुढच्या पाळीत भरून द्यायचं. माझा पक्षकार म्हणाला, अर्धा तास कोण मोजणार? त्यांचा पक्षकार म्हणाला, मोबाइल आहे ना तुझ्याकडे, दिवसभर रील बघतोस तो. कित्येक महिन्यांनी ते दोघं एकमेकांशी थेट बोलले ते असं.

चुलतभावांतल्या थोरल्याच्या म्हाताऱ्या आईला कोणी बोलावलं नव्हतं. तिच्याही नावावर त्या गटात हिस्सा आहे. मी म्हटलं, तडजोडीवर तिची सही लागेल. आली ती, खुर्चीवर बसायला तयार नव्हती, बाकावर बसली. सगळं वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, ‘आन गुरांच्या पाण्याचं काय लिव्हलं?’

कोणीच लिहिलं नव्हतं. हौदाचं कलम घातलं, की तो कोणाच्याही पाळीत भरायचा आणि त्याचे तास धरायचे नाहीत. आता डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर वर्गणी समान की मोटारीच्या एचपीप्रमाणे, एवढं राहिलंय. माझ्या पक्षकाराची मोटार साडेसातची आहे, त्यांच्या दोन पाच-पाचच्या. मी समान म्हणतेय, समोरचे वकीलसाहेबही समान म्हणतायत, आणि दोन्ही पक्षकारांना आमचा संशय यायला लागलाय.